रिकामा पाळणा

सिनेमा तंबूत बसून बघायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका स्टुडिओच्या सामानखोलीत सागवानी पाळणा राहत असे. रहस्यपटात ओसाड खोली दाखवायची असली की त्याला काळा दोरा बांधत. दोरा लपून ओढायचा, पाळणा रिकामाच हलायचा आणि प्रेक्षकांची बोबडी वळायची.

नट्यांची वेणीफणी करणारी सुभद्रा गरोदर होती. बारशासाठी तो पाळणा बोलून ठेवायला ती सासूला घेऊन आली. सासूबाई दारातच थबकल्या. "हा नको गं बाई, हा भुताचा."

पाळणा संतापला. "ऐकलंस, दोऱ्या? रिकामा पाळणा कुठल्या घरात हलवतात? बाळाला बाधतं म्हणून बायका बोटसुद्धा लावत नाहीत."

"माझ्यावर काय चिडतोस? मला ओढतात, म्हणून मी ओढतो," दोरा म्हणाला.

"इथे सगळ्यांचं हेच. सुरी म्हणते हात दुसऱ्याचा, दार म्हणतं वारा होता. बदनामी मात्र माझ्या कपाळी."

"मोठा सोवळा आलास," सुरी खिदळली.

तेवढ्यात माणसांनी पाळणा उचलून चित्रीकरणाला नेला. दोरा ताणला गेला. पाळण्याने सगळा राग कड्यांत एकवटला आणि तो जागचा हलला नाही. दिग्दर्शक ओरडला, माणसांनी जोर लावला, शेवटी दोराच तुटला.

बघत उभ्या असलेल्या सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला.

"सुभद्रे, हा तर रीत पाळतो गं. बोलून ठेव याला. आपलं लेकरू आलं की बघ कसा हलतो."