राखेचा वाफा

भिवानंद महाराजांचा मुक्काम तेव्हा बोरतळ्याच्या मारुतीमंदिरात होता. रोज सकाळी महाराज पाच घरी माधुकरी मागत. त्यांतले एक घर कोंडाबाईचे. परसातली पहिली काकडी महाराजांच्या पानात, मग आपल्या तोंडात, असा तिचा नेम होता.

माघ लागला की ती परस खणून वाफे बांधी. काकडीचे बी ओल्या शेणात दाबून त्याची गोवरी भिंतीवर थापलेली असे. तसे ठेवले की बियांना कीड लागत नाही. त्या वर्षी वाफे झाले आणि रथसप्तमीला अंगणात सूर्यनारायणासाठी दूध उतू घालवताना, घाईघाईत तीच गोवरी तिने विस्तवात घातली. तडतड ऐकू आली तेव्हा तिच्या लक्षात आले. ओढून काढीपर्यंत राख झाली होती.

शेजारीच थोरल्या जाऊबाई, ठकूबाई राहत. कोंडाबाईने त्यांच्याकडे चार बिया मागितल्या.

"वा गं! नेम तुझा आणि बी माझं?" ठकूबाई हसल्या. "तुझ्या महाराजांनाच सांग, राखेला काकड्या आणा म्हणावं!"

इतक्यात महाराज दारात आले. कोंडाबाईला रडू फुटले. "महाराज, माझ्याच हातानं बी जाळलं मी. नेम मोडणार आता."

महाराज म्हणाले, "वाफे झालेत ना? मग ती राख पसर, वर माती लोट. पाणी चुकवू नकोस."

तिने तसेच केले. ठकूबाई रोज बांधावरून विचारीत, "काय गं, उगवली का राख?"

"नाही अजून, जाऊबाई," म्हणून कोंडाबाई नाम घेत कळशी ओती.

आणि नवव्या दिवशी वाफाभर हिरवे कोंब! काय ही कृपा! ठकूबाईंना मात्र संशय आला. त्यांनी घरात धावत जाऊन आपली गोवरी पाहिली. ती भिंतीवर जशीच्या तशी होती.

"कुणाकडून बी आणलंस? खरं सांग!" असे म्हणत त्यांनी एक रोप उपटले. कोवळ्या पानांना बीचे टरफल अजून चिकटलेले होते. काळे, पार कोळसा झालेले. बोट लागताच त्याची भुकटी झाली.

महाराज नेहमीप्रमाणे माधुकरीला आले, तशा ठकूबाई पाया पडायला धावल्या. महाराज एक पाऊल मागे सरले.

"आधी ते रोप लावा, बाई. ऊन चढतंय."

ठकूबाईंनी हाताने खळगी केली, रोप लावले, ओंजळभर पाणी घातले. मग त्या मातीच्या हातांनीच त्यांनी महाराजांचे पाय धरले, आणि महाराजांनी धरू दिले.