सापळा आणि राखणदार

एका माळरानावर एक धनगर मेंढ्यांचा कळप घेऊन राहत असे. कळपाच्या राखणीला त्याने एक कुत्रा पाळला होता. कुत्रा कसला, ऐतोबाच तो! दिवस कलला की धनगर जाळीची वाघूर उभी करून तिच्यात मेंढ्या कोंडी आणि हे महाशय दोन भाकऱ्या रिचवून तिच्या तोंडाशीच घोरू लागत. मग माळावरच्या लांडग्याचे आयतेच फावे. लागोपाठ दोन कोकरे गेली, तेव्हा धनगर संतापला. त्याने लोहाराकडून दातेरी सापळा घडवून आणला, लांडग्याच्या पाऊलवाटेवर मांडला आणि वर पाचोळा पसरला.

कुत्र्याला आभाळ ठेंगणे झाले. "आता राखण सापळा करील आणि झोप मी काढीन!" तो बाभळीवरच्या कावळ्याला म्हणाला. कावळा म्हणाला, "काढ बाबा झोप. पण लांडगाच उरला नाही, तर तुला भाकरी कशासाठी घालतील?"

"कावळ्याच्या शापाने गाय मरत नसते!" कुत्रा गुरगुरला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या धनगराचे बोलणे त्याच्या कानी पडले. तो बायकोला सांगत होता, "एकदा लांडगा अडकला की ह्या ऐतोबाला बाजाराच्या गावी सोडून येतो. फुकट कोन पोसनार?"

कुत्र्याच्या तोंडचे पाणीच पळाले. तो धावत पाऊलवाटेवर गेला. समोरून लांडगा येतच होता. "थांब!" असे ओरडून कुत्र्याने एक वाळकी फांदी पाचोळ्यावर टाकली. खटकन जबडा मिटला आणि फांदीचे दोन तुकडे झाले. ते पाहून दोघांच्याही अंगावर काटा आला.

"तू माझा वैरी, आणि तूच मला वाचवलंस?" लांडग्याने विचारले.

"उपकार मानू नकोस. तू गेलास तर माझंही दाणापाणी संपलं. माळावर ससे आहेत, उंदीर आहेत, ते खा. वाघुरीकडे फिरकलास तर मात्र गाठ माझ्याशी आहे!"

"पाहू की, तू जागा राहिलास तर!" लांडगा हसून म्हणाला.

हे बोलणे कुत्र्याला चांगलेच झोंबले. तेव्हापासून तो एकच भाकरी खाऊन जागू लागला. लांडगा वाघुरीकडे वळला की तो असा भुंके, की सारा माळ दणाणून जाई. लांडगा मुकाट्याने सशांच्या मागे लागे. पुन्हा एकही कोकरू गेले नाही. धनगर मात्र रोज सापळा लावी आणि रोज त्यात फांदीच अडकलेली सापडे. एके दिवशी त्याने कुत्र्याला फांदी टाकताना पाहिले आणि काठी उगारली. धनगरणीने त्याचा हात धरला.

"आवं, थांबा! त्यो लांडगा हाय म्हून तर ह्यो जागा हाय. कोकरं वाचली ती ह्याच्या जागण्यानं. सापळ्यानं काय केलं?"

धनगराने डोके खाजवले आणि तो खो-खो हसत सुटला. दुसऱ्याच दिवशी त्याने सापळा मोडून लोहाराकडून त्याच लोखंडाचा खिळ्यांचा पट्टा करून घेतला आणि मोठ्या कौतुकाने कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

तात्पर्य : रानातल्या जिवाला मारून आपले रक्षण होत नाही; आपण जागे राहिलो, तर तोही जगतो आणि आपणही.