आप्पांचं चाखायचं बोट

धंद्यात नाव झालं की माणसाला आपला हातही देवाचा वाटू लागतो. तासगावचे मिठाईवाले गंगाप्पा, म्हणजे आप्पा, यांचं तसंच झालं होतं. "माझं बोट लागल्याशिवाय माल बाहेर जात नाही," असं ते छाती फुगवून सांगत आणि श्रीखंडाच्या प्रत्येक पातेल्यात बोट घालून चाखत.

एका साखरपुड्यात त्यांचं श्रीखंड खाऊन पाहुणे उलट्यांनी आडवे झाले. आप्पांनी भर दुकानात दौलू गवळ्याचा रतीब तोडला. "तुझ्याच दुधात घाण!" दौलू रडकुंडीला आला.

तपासायला प्रयोगशाळेतून वैजयंता मॅडम आल्या. आप्पा हसले. "डोळ्यांना न दिसणारा जंतू तुमचं यंत्र कसा पकडणार?"

"जंतूच्या जनुकाची खूण कणभर असली, तरी यंत्र तिच्या लाखो प्रती काढतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं ना, तसंच. फक्त या वेळी दौलूच्याच दुधाचं श्रीखंड करा आणि त्यातलं एक पातेलं चाखू नका."

निकालाच्या दिवशी आप्पांनी मुद्दाम दौलूलाही बोलावलं. "सांगा मॅडम, सगळ्यांसमोर सांगा. जंतू आला कुठून?"

"दौलूचं दूध स्वच्छ, चक्का स्वच्छ, न चाखलेलं पातेलंही स्वच्छ. जंतू फक्त चाखलेल्या पातेल्यात आहे. तुमचं बोट लागल्याशिवाय काही बाहेर जात नाही ना, आप्पा? जंतूसुद्धा त्या बोटाची परवानगी घेऊनच गेला."

आप्पांनी बोटाकडे पाहिलं. नखाच्या कडेला पिकलेलं नखुरडं हळदीखाली ठणकत होतं. त्यांची मान वर होईना. शेवटी त्यांनी दौलूपुढे हात जोडले, पण तेवढं एक बोट आत दुमडून.