नवरदेवाचा उष्टा लेप

भुजंगराव इनामदाराला डोंगरात पिवळी चकाकणारी माती सापडली आणि त्याचं डोकंच फिरलं. कुटून, चाळून त्यानं तिचा 'सुवर्णलेप' केला आणि गावातल्या बायकांच्या गळ्यात मारला. सोनाई तांबटणीचे गाल भाजून कातडी सोलून निघाली. ती रडत त्याच्या दारात गेली, तर हा गाढव म्हणतो, "लेप चांगलाच आहे, तुझी कातडीच हलकी!" जोड्यानं मारायला हवा होता असला माणूस.

त्याच्याच पोराशी माझ्या पुतणीचं, म्हाळसेचं, लग्न ठरलं. हळदीला मांडवात इनामदार लेपाची वाटी घेऊन उभा. "सुनेला हळद नको, हा लेप लावा. चार पाहुण्यांना कळू दे आपला माल!"

माझा भाऊ हात जोडून म्हणाला, "इनामदारसाहेब, तपासून तरी घेतलाय का?"

"देवानं केलेली माती, तिला काय तपासायचं? लावा, नाहीतर वऱ्हाड माघारी नेतो!"

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. पाटावर बसलेली म्हाळसा मात्र म्हणाली, "लावते की, मामंजी. पण आपली रीत आहे, आधी नवरदेवाला लावायचं, मग त्याचं उष्टं नवरीला. करवल्यांनो, वाटी तिकडे नवरदेवाकडे न्या. तोंडाला चांगला चोळा."

करवल्या वाटी घेऊन उठल्या, तसा इनामदार किंचाळला, "खबरदार माझ्या पोराच्या तोंडाला लावाल तर!"



"झाली तपासणी," म्हाळसा पाटावरून उठली. "बाबा, वऱ्हाड जाऊ दे माघारी."