रत्नमालाबाईंचा रामबाण उपाय

तालुक्याच्या एका गावात, कचेरीच्या फाटकासमोर, रत्नमालाबाईंचं फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. बाई हुशार, हाताला चपळ, गिऱ्हाइकाशी गोड. पण एक खोड भारी वाईट. समोर उभा असलेला माणूस काही सांगायला लागला की त्यांना ते पटायचंच नाही, आणि मोबाईलमधल्या कुण्या तिऱ्हाइतानं सांगितलं की ते ब्रह्मवाक्य!

दुकानात एक रंगीत प्रिंटर होता. सहा वर्षं झाली होती त्याला, पण बिचाऱ्यानं कधी कुरकुर केली नव्हती. बाईंचाही त्याच्यावर जीव. दसऱ्याला त्यांनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. अंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं, मूठभर अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. मग दोन दिवस दुकान बंद ठेवून त्या भावाकडे जाऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढतात तोच कावेरी दारात हजर. भाजीवाल्या शेवंताबाईंची ही थोरली. तिला नर्सिंगच्या प्रशिक्षणाला अर्ज करायचा होता आणि त्याचा तो शेवटचा दिवस होता. रंगीत फोटोसकट अर्ज छापायचा, खाली सही करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत कचेरीच्या खिडकीवर हातात नेऊन द्यायचा. चुकला तर वर्ष गेलं.

“त्यात काय एवढं! अकराच्या आत मोकळी होशील,” बाई म्हणाल्या. त्यांनी भराभरा अर्ज भरला आणि बटण दाबलं.

कर्रर्र! असा आवाज त्या प्रिंटरनं जन्मात केला नव्हता. कागद बाहेर आला तो तिरका, चुरगळलेला, आणि कावेरीच्या चेहऱ्यावर रंगाचे फराटे. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

शेजारी अब्बासभाईंची टपरी होती. रेडिओ, पंखे, घड्याळं, काय वाटेल ते दुरुस्त करायचे. आवाज ऐकून ते उठून आले. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “काहीतरी घासतंय बाई. आधी उघडून आत बघू द्या.”

“राहू द्या भाई. रेडिओ वेगळा, हे वेगळं,” असं म्हणून बाईंनी मोबाईल काढला.

मोबाईलमध्ये काय, सल्ल्यांचा नुसता बाजार! एकानं छातीठोकपणे सांगितलं की या जातीचे प्रिंटर टाकाऊच, भरवशाचे नाहीतच मुळी. झालं! सहा वर्षांची चाकरी बाई दहा मिनिटांत विसरल्या. दुसऱ्यानं सांगितलं की शाई सोडणारं हेड तुंबलंय, ते काढा आणि त्यावर गरम पाणी ओता. त्या गृहस्थानं बाईंचा प्रिंटर पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. पण त्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला होता ना! बाईंनी चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, ओढून-ताणून हेड काढलं, त्यावर ओतलं आणि फडक्यानं वरवर पुसून परत बसवलं.

आणि काय आश्चर्य! तपासणीचा पहिला कागद सरळ आणि लख्ख आला. कावेरीनं सुटकेचा श्वास सोडला. आता कुणीही शहाणं माणूस आधी अर्ज छापेल की नाही? पण बाईंना राहवेना. त्यांनी मोबाईल उचलला आणि त्या व्हिडिओखाली आपल्या नावागावासकट लिहिलं, “गरम पाण्याचा उपाय रामबाण आहे. माझा प्रिंटर दोन मिनिटांत सुरू झाला. सर्वांनी बेधडक करा.”

मग त्यांनी अर्ज छापायला दिला. आत चट्ट झालं, जळका वास आला आणि प्रिंटरचे सगळे दिवे विझले.

आता तरी अब्बासभाईंना हाक मारावी? छे! मोबाईलवर तिसरा कुणी सांगत होता की ओलं हेड तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. बाईंनी घरून तांदळाचा डबा आणला. दोन वाजेपर्यंत हेड तांदळात आणि कावेरी बाकावर. तिनं सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ती फक्त घड्याळाकडे बघत होती.

तांदूळ निळेजांभळे झाले, प्रिंटर काही जागा झाला नाही. गावात रंगीत प्रिंटर आणखी एकच होता, बाजारपेठेत नलिनीकडे. नलिनी ही बाईंची टायपिंगच्या क्लासातली मैत्रीण. बाई कावेरीला घेऊन जवळजवळ पळतच तिकडे गेल्या.

दुकानात शिरल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या. नलिनीचा प्रिंटर वर्तमानपत्रावर उताणा पडला होता. त्यातून रंगीत पाणी ठिबकत होतं. बाजूला वाफाळलेलं पातेलं.

“पिवळा रंग जरा फिका येत होता, एवढंच,” नलिनी रडवेली होऊन म्हणाली. “उपाय शोधला तर खाली तुझं नाव दिसलं, रत्ना. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हात लावला नसता.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि कावेरीचा हात धरून बसथांब्याची वाट धरली.

तीनची बस पकडून दोघी जिल्ह्याच्या गावी गेल्या, अर्ज छापला आणि मिळेल त्या जीपनं परत आल्या. कचेरीच्या पायऱ्या चढल्या तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. खिडकी बंद. बाईंनी ती वाजवली, गयावया केली. आतून कारकुनानं शांतपणे सांगितलं की यादी वर गेली.

दोघी दुकानात आल्या. अब्बासभाईंनी कुणाला न विचारता चार स्क्रू काढले, चिमटा आत घातला आणि काहीतरी बाहेर काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं.

तो तांदळाचा एक दाणा होता. कुंकवानं लाल झालेला.

बाईंनीच दसऱ्याला हात जोडून वाहिलेली अक्षता ती! कागद घालायच्या खाचेतून आत पडली होती.

“हेड ओढताना हा बाजूला सरकला असेल, म्हणून तो एक कागद नीट आला,” अब्बासभाई म्हणाले. “प्रिंटरला काही झालं नव्हतं बाई. पाण्यानं मेला तो.”

कावेरीनंही तो दाणा पाहिला. ती रागावली नाही की रडली नाही. तिनं अर्जाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि विचारलं, “मावशी, तारीख बदलून हाच कागद पुढच्या वर्षी चालेल का हो?”

त्या एका प्रश्नानं बाईंचं काळीज फाटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

कावेरी गेल्यावर बाईंना आपलं ते लिहिणं आठवलं. पुसून टाकावं म्हणून त्यांनी घाईघाईनं मोबाईल उघडला. सकाळपासून एक्केचाळीस जणांनी त्यांचे आभार मानले होते. शेवटचा निरोप पाच मिनिटांपूर्वीचा होता: “ताई, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून आत्ता पाणी तापत ठेवलं आहे.”

तात्पर्य: ज्यानं आपलं दुखणं पाहिलंही नाही त्याच्या औषधावर विसंबू नये, आधी स्वतः झाकण उघडून पाहावं, आणि स्वतःला पुरता न आलेला गुण दुसऱ्याला छातीठोकपणे सांगू नये, कारण आपल्या शब्दावर विसंबून कुणीतरी पाणी तापत ठेवत असतं.