इवलीला हवा मऊ मऊ कापूस

एक होती इवली.
इवलीशी शिंपी चिमणी. शेपटी वर, चोच पुढे.
तिनं पानाला पान शिवलं. घरटं केलं. आत काड्या रचल्या. वर कापसाची गादी घातली. मऊ मऊ, मऊ मऊ. गादीवर एक अंडं.

एकदा काय झालं?
धप्पकन माकड आलं. फांदी हलली. अंड्याखालची गादी निसटून खाली पडली. ओढ्यात पडली. गेली वाहून!
अंडं राहिलं कडक काड्यांवर.
आतून आवाज आला, टक टक!
"अगंबाई, पिल्लू निघणार! त्याचं अंग किती नाजूक. काड्या टोचतील ना!"
पिल्लाचे बाबा अंड्यावर बसले. म्हणाले, "जा इवले, लवकर ये!"

टुणुक टुणुक, भुर्र!
इवली गेली सावरीच्या झाडाकडे. केवढं उंच झाड! शेंडा दिसेच ना.
"सावरबाई, सावरबाई, कापूस दे."
"बोंड मिटलंय गं. ऊन पडू दे, मग देते."

टुणुक टुणुक, भुर्र!
"ऊनदादा, ऊनदादा, खाली ये.
ऊन पडेना, बोंड फुटेना,
कापूस मिळेना.
पिल्लू माझं निजेल कुठं?"
"ढग आडवा आलाय. तो हलू दे, मग येतो."

टुणुक टुणुक, भुर्र!
"ढगकाका, ढगकाका, बाजूला व्हा.
ढग हलेना, ऊन पडेना, बोंड फुटेना,
कापूस मिळेना.
पिल्लू माझं निजेल कुठं?"
"मला कुठले पाय? वारा उठू दे, मग हलतो."

टुणुक टुणुक, भुर्र!
वारा दरीत झोपला होता. घुर्रर्र, घुर्रर्र!
"वारामामा, वारामामा, उठा ना.
वारा उठेना, ढग हलेना, ऊन पडेना, बोंड फुटेना,
कापूस मिळेना.
पिल्लू माझं निजेल कुठं?"
"हौसाआत्या रोज गाते. गाणं होऊ दे, मग उठतो."

टुणुक टुणुक, भुर्र!
हौसाआत्या अंगणात बसली होती. मांडीवर तान्ही शेवंती.
"हौसाआत्या, हौसाआत्या, गाणं म्हण.
गाणं होईना, वारा उठेना, ढग हलेना, ऊन पडेना, बोंड फुटेना,
कापूस मिळेना.
पिल्लू माझं निजेल कुठं?"
"कसं गाऊ गं बाई? शेवंती रडतेय. ती हसू दे, मग गाते."

ट्यँ! ट्यँ! ट्यँ!
इवली गेली शेवंतीजवळ. अगदी जवळ.
"शेवंतीबाई, शेवंतीबाई, हस ना.
बाळ हसेना, गाणं होईना, वारा उठेना, ढग हलेना, ऊन पडेना, बोंड फुटेना,
कापूस मिळेना.
पिल्लू माझं निजेल कुठं?"

शेवंतीनं हात पुढे केला.
बापरे, केवढं बोट! इवलीचं काळीज धडधडलं. पण ती उडाली नाही.
बोट आलं. इवलीच्या पोटाला लागलं.
रडू थांबलं. डोळे मोठ्ठे झाले. बोट तिथंच राहिलं.
"मऊ लागलं होय गं?" आत्या हळूच म्हणाली. "मऊ मऊ!"
शेवंती हसली. खुदकन!

बाळ हसलं, गाणं झालं.
गाणं झालं, वारा उठला. सूंऽऽऽ!
वारा उठला, ढग हलला.
ढग हलला, ऊन पडलं. लख्ख!
ऊन पडलं, बोंड फुटलं. फट्!
एक फुटलं. दुसरं फुटलं. फट् फट् फट्!

आणि कापूसच कापूस! वर कापूस, खाली कापूस. भुरुभुरु, भुरुभुरु.
गाणं थांबलं. सगळे वर बघत राहिले.
इवलीनं एक पुंजका चोचीत धरला. इतका मऊ, इतका मऊ, चोचीला कळेचना काही धरलंय!

टुणुक टुणुक, भुर्र! इवली घरी आली.
बाबा उठले. कापूस पसरला. अंडं वर ठेवलं.
टक टक. टक टक. टच्च!
पिल्लू आलं! गुलाबी गुलाबी. अंगावर पीससुद्धा नाही.
त्यानं मान टाकली. कापसात बुडालं. नुसती चोच दिसली, एवढुश्शी.
इवली बघत राहिली. बाबा बघत राहिले.


पिल्लू निजलं, घरटं निजलं,
गोष्टसुद्धा निजली. श्श्श!