माळ्याने लावलेल्या तारखा

एका बियाणे-संग्रहात एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या काम करीत असत. ठेवलेले बी फार जुने झाले की त्याची उगवणशक्ती संपते. म्हणून दर वर्षी सर्वांत जुनी बारा वाणे पेरून नवे बी धरीत. संग्रहात एका डोंगरवाडीच्या नाचणीचे एकच पाकीट उरले होते. खुद्द वाडीतही आता ती कोणी पेरीत नव्हते.

शिष्येने डेटाबेसला तारखांचा चढता क्रम विचारला आणि पहिल्या बारांची यादी आणली. तीत नाचणी नव्हती. नाचणी बरीच जुनी असल्याचे आचार्यांना आठवत होते; पण आपलीच आठवण दगा देत असेल, असे त्यांना वाटले. तरी मन स्वस्थ बसेना. त्यांनी निरक्षर माळीबाबांना बोलावले, खडूने जमिनीवर शून्य ते नऊ क्रमाने काढले, आणि सगळ्या पाकिटांवरच्या तारखांच्या चिठ्ठ्या देऊन डावीकडून एकेक आकृती पाहत लावायला सांगितले. गुरुजींचे वय झाले, असे शिष्येच्या मनात येऊन गेले.

बाबांनी चिठ्ठ्या लावल्या. ०१-११-२०२१ सर्वांत वर, २८-०२-२०१० सर्वांत खाली. वरच्या बारा चिठ्ठ्या म्हणजे हुबेहूब शिष्येची यादी होती.

"माझी चूक झाली का?" बाबांनी विचारले.

"नाही बाबा. चूक आमच्या विचारण्यात होती." मग आचार्य शिष्येकडे वळले. "आपण तारखा मजकूर म्हणून साठवल्या. मजकुराला वय नसते, बाळ, नुसत्या आकृत्या असतात. यातला दिवस कोणता, महिना कोणता, हे आधी सांग. मग क्रम विचार."

तिने तसे रूपांतर सुरू केले. एका नोंदीपाशी ते अडले: ०६-२५-२००९. पंचविसावा महिना नसतो. ही एक नोंद रिकामी ठेवून पुढे जाऊ का, असे तिने विचारले.

आचार्यांनी पाकीट पाहिले. नाचणी होती, आणि अक्षर त्यांचेच. परदेशी शिकवून आल्यावर वर्षभर ते तिथल्या रीतीने महिना आधी लिहीत.

"ही निदान अडली तरी," ते हळूच म्हणाले. "पण सहा मेसाठी ०५-०६ असे मी लिहिले असेल, तर यंत्र ते पाच जून समजून निमूट मान्य करील. माझ्या त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी संग्रहाच्या रोजच्या वहीशी ताडून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

दोघांनी दोन दिवस वह्या चाळल्या. अशा चार नोंदी सापडल्या. नव्या यादीत नाचणी पहिली आली.

पेरल्यापासून आठव्या दिवशी वाफ्यात विरळ हिरवी रेघ दिसली. निम्मेच दाणे रुजले होते. वाण टिकायला तेवढे पुरेसे होते. शिष्येने नव्या पाकिटावर तारीख लिहिली आणि दिवस, महिना, वर्ष अशी तीन नावे अंकांखाली स्वच्छ अक्षरांत घातली.